बरं हाय म्हणायची खोड

सुरेखा कराडाकडची. नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी म्हणून जर्मनीत डार्मश्टाटला आली. घरात बसून जीव आंबला, तशी एका मदत केंद्रात जायला लागली. दुसऱ्या देशातनं जीव घेऊन पळून आलेल्यांना तिथं फुकट कायद्याची मदत मिळायची. पाकिस्तानातल्या बायकांचं उर्दू सुरेखाला हिंदीमुळं कळायचं, ते ती वकीलबाईला जर्मनमधनं सांगायची. पगार न्हाई, च्याबी आपला आपणच करून प्यायचा. पण बाईच्या पायाला भिंगरी, तिला काम पायजेच व्हतं.

त्या दिवशी समोर सकीना व्हती, सिंधातली. मनानं लग्न केलं म्हणून भावांनी तिच्या नवऱ्याला मारलं, आन आता तिला हुडकत व्हते. दुसऱ्या दिवशी तिची आनह्योरुंग, म्हंजे सरकारी अधिकाऱ्यापुढं सगळी हकीकत सांगायची येळ. ती इथं ऱ्हाणार का माघारी जाणार, ते त्या बोलण्यावरच ठरायचं.

सराव म्हणून वकीलबाई, फ्राऊ केलर, अधिकारी होऊन बसली. "घरचे कसे आहेत?"

सकीनानं ओढणी सारखी केली. "अल्लाची मेहेरबानी. सगळे बरे हायेत."

सुरेखानं जसंच्या तसं सांगितलं. केलरबाईनं पेन खाली ठेवलं. "हेच कागदावर चढेल. मग विचारतील, भीती कसली? मागनं सांगितलेल्यावर विश्वास बसत नाही."

परत विचारलं. परत "बरे हायेत."

"आगं, भावांनी नवरा मारला तुझा," सुरेखा कावली, "आन बरे म्हनतीस?"

"बाजी," सकीना तिला थोरली बहीण म्हणून हाक मारायची, "परक्या मानसाला पहिल्या तोंडालाच घरचं वंगाळ कसं सांगू? आईनं हे शिकवलं न्हाई."

सुरेखाच्याबी गावात घरात मढं असलं तरी दारातल्या पाव्हण्याला "बरं हाय, बसा" म्हणायची रीत. सासूबाईंच्या फोनवर हात प्लास्टरात असतानाबी तिनं "बरं हाय, आत्याबाई" म्हणलेलं.

"तो प्रश्नच विचारू नका म्हणून कचेरीला लिहा की," ती केलरबाईला म्हणाली.

"बाई अधिकारी आणि बाई दुभाषी द्या, असं मी लिहिलंय, ते त्यांनी मानलंय. प्रश्न मात्र त्यांचेच."

घरी सुरेखाच्या हातनं भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी तिला सकीनाच्या सोबतीला आत बसू दिलं, पण तोंड उघडायचं न्हाई या बोलीवर. दुभाषी कचेरीचीच. सुरेखाला ती खुर्ची खिळ्यांची वाटाय लागली.

गाव, शाळा, पळून आलेली वाट, सगळं विचारून झालं. मग अधिकारीबाई म्हणाली, "भाऊ कसे आहेत?"

सकीनाचा हात ओढणीकडं गेला.

"बरे हायेत."

कीबोर्डावर टकटक झाली. कागदावर चढलं. सुरेखानं जीभ दाताखाली धरली.

"धडधाकट हायेत, म्हणून तर मी पळाले," सकीना पुढं बोलली. "आजारी असते तर मला मारायला कोण आलं असतं?"

मग तिनं जे सुरू केलं, ते दुभाषीबाईला आवरंना. अधिकारीबाईनं पाण्याचा गलास पुढं सारला. "थोडं थांबू या का?"

"नको. थांबले तर परत समदं बरं म्हणीन."

गलास तिनं बाजूला सारला, आन कोयता कुठल्या भावाच्या हातात व्हता ते सांगितलं.