हळदीच्या दिवशीचं पाणी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या चोरीची आठवण निघाली की आजही मला समाधान वाटतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. निकेल-क्रोमचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाने फिर्याद दिली, की सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातले मेम्ब्रेन चोरीला गेले. मेम्ब्रेन म्हणजे काय, हे ठाणे अंमलदाराला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पंचनाम्यात ‘पांढऱ्या जाड नळ्या’ लिहून आम्ही मोकळे झालो.

कुलूप शाबूत होतं, म्हणजे चोर घरचाच. नाक्यावरच्या चहावाल्याने खबर दिली, "साहेब, त्यांचा फिटर कळवणच्या जीपवर गोणपाटात बांधलेलं कायतरी चढवत होता. लग्नाचं सामान हाय म्हणला."

फिटरच्या मुलीचं लग्न खरोखरच तोंडावर होतं. हळदीच्या दिवशी सकाळी तो राहिलेल्या पत्रिका वाटायला कारखान्यात आला आणि गेटवरच आमच्या हाती लागला. ठाण्यात मात्र त्याने तोंड उघडलं नाही. हवालदार बाह्या सारू लागले. मी त्यांना थांबवलं. मारून बोलता केलेला माणूस आपल्याला हवं तेच बोलतो, हा माझा अनुभव आहे.

मी कारखान्याच्या इंजिनिअरला बोलावलं आणि फिटरच्या समोरच विचारलं, "या नळ्या करतात तरी काय?"

"निकेल, क्रोमियम अडवतात, साहेब. पाणी पलीकडे जातं, विष अलीकडे राहतं."

फिटर पहिल्यांदाच बोलला, "म्हणजे पाणी चोख करत्यात ना?"

"अरे, आपलं सांडपाणी गाळून त्या स्वतः माखल्यात. त्यातून आलेलं पाणी मी जनावरालाही पाजणार नाही."

फिटरचा चेहरा उतरला. त्याने माझे पाय धरले. "साहेब, मेव्हण्यानं गावाकडं पाण्याच्या पाऊचचं मशीन टाकलंय. त्याच्यात बसवल्या. मांडवात तेच पाऊच ठेवलेत. माझी पोर, समदं गाव पिईल. लवकर चला."

तिकडच्या ठाण्याला फोन लावून आम्ही जीप हाणली. इतका घाबरलेला आरोपी मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याला भीती आमची नव्हती. मांडवात पोचलो तेव्हा पाऊचची पोती शिवलेलीच होती, मशीनचा तो पहिलाच माल होता, जेवणाच्या पंगतीला सोडायची होती. देवच पावला. मेव्हण्याचं मशीन बंद केलं, नळ्या आणि पाऊच मुद्देमाल म्हणून जप्त केले. विहिरीचं पाणी पिंपांत भरायला फिटर सगळ्यांच्या पुढे होता.

कागदोपत्री त्याला अजून अटक दाखवली नव्हती. दुसऱ्या दिवशी लग्न लागेपर्यंत मी आणि हवालदार साध्या कपड्यांत मांडवात बसून राहिलो. वरिष्ठांना आवडलं नसतं, पण मला त्याचा पस्तावा नाही. नवरी पाया पडायला आली आणि तिने विचारलं, "तुम्ही बाबांच्या कंपनीतले का?" मी हो म्हणालो.

चोराला कायद्याचा धाक घालण्याआधी त्याच्या हातून काय घडलंय ते त्याला नीट कळू द्यावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे कितीतरी तपासांत ते कामी आलं.

वरात वेशीबाहेर गेली. आम्ही उठायच्या आत फिटर डोळे पुसत आला आणि स्वतःच जीपमध्ये मागे जाऊन बसला. म्हणाला, "चला साहेब, आता कुठंबी न्या."