नवा कॅमेरा, बाबांची लेन्स आणि दहा फुटांची गाठ

एक प्रश्न विचारते. नवा कॅमेरा घेतला की आधीच्या लेन्स, बॅटऱ्या, फ्लॅश सगळं त्याला चालायलाच हवं, असा हट्ट धरावा का? की जुनं सांभाळत बसलं तर नवं काही घडणारच नाही, हे मान्य करून गप्प बसावं?

संक्रांतीला पानिपतला जाऊन आल्यापासून हेच डोक्यात आहे... आणि डोकं अजून गरमच आहे.

दरवर्षी राजधानीतल्या आर. के. पुरम आणि कॅन्टोन्मेंटमधली आम्ही मराठी मंडळी बस करून पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातो. स्मारकापुढे हात जोडायचे, तिळगूळ वाटायचा आणि मग प्रत्येक घराचा एक फोटो. हे फोटो आधी बाबा काढायचे. ते सरकारी खात्यात ड्रायव्हर, पण सुट्टीच्या दिवशी कॉलनीतलं बारसं असो की निवृत्तीचा निरोप, फोटोला बाबाच.

आता काही वर्षं हे काम माझ्याकडे आहे, बाबांच्याच लेन्सवर. आमच्या घरातली पहिली पदवी माझी... तो काळा झगा घातलेला माझा फोटोही याच लेन्सने काढलेला.

डिसेंबरमध्ये मी जुनी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा, एका दुकानात एक्स्चेंजला दिली आणि नवी, आत आरसा नसलेली मिररलेस घेतली. पुरानी लेन्स चलेगी ना, असं तीनदा विचारलं होतं. "बिल्कुल चलेगी मॅडम, अडॅप्टर लगाओ, बस!"

अडॅप्टरची कडी मध्ये लावून लेन्स बसली. चालली मात्र अर्धीच. फोटो निघायचा, पण फोकस हाताने करायचा, कारण ही लेन्स फिरवणारी मोटर जुन्या बॉडीत होती आणि नव्या बॉडीत ती ठेवलेलीच नाही. आपोआप फोकस हवा तर नवी लेन्स घ्या म्हणे...

बरं, एवढ्यावर थांबेल तर शपथ. बॅटरी वेगळी, कार्ड वेगळं, त्या कार्डाचा रीडर वेगळा. फाइली उघडायला नवं सॉफ्टवेअर, आणि ते आमच्या लॅपटॉपवर चालत नाही. मी कॅमेरा घेतला होता की नवा संसार मांडला होता, यार?

तरी तोच घेऊन गेले. मॅन्युअल फोकस करता येतो मला, स्क्रीनवर चेहऱ्याच्या कडा लाल झाल्या की फोकस बसला, असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मी मॅन्युअल पूर्ण वाचलं होतं. शिकलेली ना मी!

यंदा मोरे काकांचा फोटो महत्त्वाचा होता. काका सैन्यात हवालदार, या महिन्यात निवृत्त होऊन साताऱ्याकडे गावी चाललेत. काला अंबवरचा त्यांचा फोटो दरवर्षी गावी जातो आणि त्यांचे वडील मागचा फोटो काढून फ्रेममध्ये नवा घालतात. हा शेवटचा. काका-काकू पुन्हा कधी इकडे येतील, कोण जाणे...

धुकं होतं, वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. कडा लाल झाल्या, मी बटण दाबलं. छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसलं.

सगळे बसमध्ये चढल्यावर मी मोरे काकांचे फोटो मोठे करून पाहिले. मागचं कुंपण लख्ख, त्याची एकेक सळी मोजून घ्या; लाल झाल्या होत्या त्या त्याच्याच कडा. आणि पुढे काका-काकूंचे चेहरे भिजल्या कागदासारखे पसरलेले. त्यांच्या बाराच्या बारा फोटोंत तेच.

मी दोघांना खाली उतरवलं. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. काकूंनी स्क्रीनमध्ये डोकावलं आणि म्हणाल्या, "अगं पोरी, एवढी ग्रॅज्युएट झालीस आणि आमची तोंडंच पुसून टाकलीस की!"

मला रडू येणार होतं. तेवढ्यात बाबाही बसमधून उतरून आले आणि कॅमेऱ्याच्या बॅगेच्या आतल्या खणातून त्यांनी एक मळकी सुतळी काढली. तिला गाठी मारलेल्या. लहानपणी मी ती बॅग बांधायची दोरी समजायचे.

"पहिली गाठ सात फूट, दुसरी दहा," बाबा म्हणाले. हॉलमध्ये लाइट गेले की ते याच दोरीवर फोटो काढायचे म्हणे. त्यांनी एक टोक माझ्या कॅमेऱ्याला लावलं, दुसरी गाठ थेट मोरे काकांच्या नाकाला. लेन्सच्या रिंगवर फुटांचे आकडे कोरलेले आहेतच, मी ते इतकी वर्षं नुसते पाहत आले होते.

"दहावर आण. अ‍ॅपर्चर आठ, थोडं पुढेमागे झालं तरी सांभाळून घेईल. आता स्क्रीनकडे बघू नकोस, माणसांकडे बघ."

काका ताठ उभे. "साहेब, नाकाची परेड पहिल्यांदाच होतेय," ते बाबांना म्हणाले, आणि काकू हसल्या. मी बटण दाबलं... काकूंच्या कुंकवापासून काकांच्या मिशीतल्या पांढऱ्या केसापर्यंत सगळं स्वच्छ.

परतताना बसमध्ये मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लेन्स बसवायचा हा नवा माउंट का बनवला याची कारणं मी वाचली आहेत, ती खोटी नाहीत. पण एवढा हुशार कॅमेरा, आणि त्याच्यासोबत बिनतक्रार चाललेली आमच्या घरातली एकमेव वस्तू म्हणजे सुतळी? "चलेगी" म्हणताना अर्धीच चलेगी, हे सांगायला काय जातं कुणाचं?

मोरे काकांचा फोटो प्रिंट करून गावी पाठवला. आणि काल त्याच दुकानात गेले. माझी जुनी बॉडी अजून काचेच्या कपाटात होती, कोपऱ्यावरच्या ओरखड्यासकट.

"मॅडम, लोग आगे जाते हैं, आप पीछे?" दुकानदार हसला. मी नवा कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि जुना घेऊन घरी आले. बाबांची लेन्स लावली, बटण अर्धं दाबलं, आणि ती ओळखीची करकर करत जागेवर येऊन थांबली.

सुतळी मात्र बॅगेच्या आतल्या खणातच ठेवलीय. काल सातच्या गाठीच्या अलीकडे, जवळून काढायच्या फोटोंसाठी, तिला मी एक तिसरी गाठ मारली... पाच फुटांची.