टेस्टरमामांचा एका ओळीचा खुलासा

आमच्या कार्यालयातल्या वायरमनला कोणी नावाने हाक मारत नाही. ते टेस्टरमामा. लोकांच्या खिशाला पेन असतं, मामांच्या खिशाला टेस्टर. कोणाच्या घरी गेले तरी आधी स्विचबोर्डाकडे बघतात आणि मग माणसांकडे. मामी म्हणतात, "मला बघायला आले तेव्हाही यांची नजर आमच्या मीटरवरच होती."

तळमजल्यावरच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात हात वाळवायचं यंत्र बसवायचं ठरलं. साहेबांना ते बेसिनच्या अगदी वर, आरशाशेजारी हवं होतं, म्हणजे उद्घाटनाच्या फोटोत नीट येईल. मामा म्हणाले, "तिथे पाणी उडतं. दोन हात लांब लावू." साहेबांनी फोटोग्राफरला विचारलं. फोटोग्राफर नाही म्हणाला. विषय संपला.

मग ठेकेदाराच्या माणसांनी यंत्राची अर्थिंगची वायर भिंतीतल्या पाण्याच्या पाइपला बांधली. पूर्वी तो पाइप लोखंडी होता आणि जमिनीत जात होता, म्हणून इथे वर्षानुवर्षं सगळं त्यालाच बांधायची पद्धत. गेल्या वर्षी आम्हीच तो काढून प्लॅस्टिकचा टाकला. पद्धत मात्र काढली नाही. मामा डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, गळती झाली तर करंट जमिनीत जाणार कुठून? जो हात लावेल त्याच्या अंगातून!"

"नवीन यंत्र आहे. गळेल कशाला?" साहेब म्हणाले.

'यंत्र सुरक्षित आहे' या कागदावर मामांनी सही केली नाही. मग बैठक झाली. तिथे साहेब म्हणाले, "तुमची धाकटी बहीण तिथे सफाईला आहे, म्हणून तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." ते खरंच होतं. ही बहीण, म्हणजे आम्हा सगळ्यांची ताई, रोज ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून ते स्टीलचं यंत्र ओल्या फडक्याने पुसायची. तीन तास डोकेफोड करून बैठकीने तोडगा काढला: यंत्राखाली पाटी लावावी, 'ओल्या हातांनी स्पर्श करू नये.' हात वाळवायच्या यंत्राला! पाटीचा मजकूर मीच टाइप केला. शुद्धलेखन दोनदा तपासलं, अर्थ एकदाही नाही.

पाटी लागली आणि उद्घाटनाआधी चार दिवस यंत्र चाचणी म्हणून चालू केलं. उद्घाटनाच्या सकाळी ताई भावाला सहज म्हणाली, "दादा, ते पुसताना हाताला मुंग्या येतात रे."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, नवीन वस्तू आहे, सवय होईल."

मामांनी यंत्राला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला, म्हणजे यंत्राच्या अंगात करंट होता. मामा सरळ गेले आणि मजल्याचा मेन स्विच पाडून वर कुलूप ठोकलं. साहेबांचा एसीही बंद. साहेब घामाघूम होऊन धावत आले. "चालू करा! पाहुणे फाटकाशी आलेत!"

"करतो की. तुम्ही फक्त चपला काढा, हात ओले करा आणि ताईसारखं हे पुसत राहा. तुम्ही पुसायला लागलात की लगेच चालू करतो."

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मग रुमाल काढून आपले कोरडे हात बराच वेळ पुसले. पाहुण्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

जे काम महिनाभर 'विचाराधीन' होतं, ते तीन दिवसांत झालं. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसला, यंत्र दोन हात लांब सरकलं. पाटी तेवढी राहिली. बैठकीचा ठराव आहे, काढणार कोण?

आणि मामांना नोटीस निघाली: कार्यालयाचा वीजपुरवठा विनापरवानगी खंडित का केला, याचा लेखी खुलासा करावा. मामांनी एकच ओळ लिहिली, 'बहीण जिवंत आहे.'

साहेबांचा शेरा आला, 'खुलासा असमाधानकारक.' तोही मीच टाइप केला. लाज वाटली, पण केला. मग हात धुवायला गेलो. ताई यंत्र पुसत होती. मला बघून बाजूला सरकली.

"या भाऊ, वाळवा हात," ती म्हणाली. "आता मुंग्या येत नाहीत."

मी हात शर्टालाच पुसले आणि बाहेर आलो.