अष्टमीचा चहा

फोन सुरेंदरचा होता. मी सकाळी वर्तमानपत्र उघडून बसले होते. "माई, सर नहीं रहे," एवढंच तो म्हणाला, आणि फोन धरून राहिला. मागे बोईसरच्या नाक्यावरच्या कंपनीच्या बसगाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. पहिल्या पाळीला निघाला असणार आणि वाटेतच त्याला कळलं असणार. मी त्याला म्हटलं, तू आज कामावर जाऊ नकोस, सातपाटीला ये. तो म्हणाला, "रिक्षा में ही बैठा हूँ, माई."

ईशान आणि मीरा, माझ्या नातवंडांनो, तुम्ही लहानपणी मे महिन्यात आलात तेव्हा ज्यांना 'रॉकेटवाले आजोबा' म्हणत होता, त्या हरेश्वर आजोबांबद्दल हे आहे. लिहायला घेतलं ते तुम्हा दोघांसाठीच. मग वाटलं, इथल्या ज्या लोकांनी त्यांना नुसतं सायकलवरून जाताना पाहिलं, त्यांनीही वाचावं. म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवते आहे. गेले ते झोपेतच, शांतपणे. सत्तरी ओलांडली होती, दुखणं काही नव्हतं. त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात गर्दी होती, आणि ताराबाई, त्यांच्या पत्नी, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले.  मग एकदम, जणू बाजारहाटाचं विचारावं तसं म्हणाल्या, "माई, पुढची अष्टमी कधी हाय? माणसं येतील का आता? चहा टाकायचा का नाय, ते सांगून ठेवा मला."  खरं तर मलाच ठाऊक नव्हतं.

क्रमाने सांगते. हरेश्वर सातपाटीचे, घर मासेमारीचं, पण ते स्वतः होडीवर गेले नाहीत. तारापूरच्या एका कारखान्यात दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचे. आमची ओळख पालघरच्या वाचनालयात झाली. मी तिथल्या समितीवर होते आणि कपाटं विषयवार लावायचं काम माझ्याकडे होतं. विज्ञानकथांना अर्धा खण पुरायचा. तो अर्धा खण हरेश्वरांनी इतक्या वेळा वाचला होता की पुस्तकांच्या कण्यांवरची नावं पुसून गेली होती. एकदा मी इंग्रजी पुस्तक चाळत बसले होते तर समोर येऊन उभे राहिले. "बाई, वरती चित्र यानाचं आहे. आत काय आहे, ते सांगाल?" मी दोन वाक्यांत सांगायला गेले. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी आम्ही पायरीवर बसून होतो. मंगळावर अडकलेला माणूस अजून मंगळावरच होता, आणि शिपाई कुलूप हातात घेऊन आमच्याजवळ ऐकत उभा होता. कॉलेजात मी या गोष्टी भरपूर वाचल्या होत्या, पण एकटीने. कुणाला तरी सांगितल्यावर त्या इतक्या वेगळ्या होतात, हे मला तेव्हा कळलं.

त्यातून मंडळ निघालं. नाव हरेश्वरांनी ठेवलं: 'पुढं काय मंडळ'. पालघरच्या एक-दोघांनी भारदस्त नाव सुचवलं होतं, पण ते टिकलं नाही. बैठक हरेश्वरांच्या ओटीवर आणि ती अष्टमीलाच. तुम्हाला हसू येईल, विज्ञानकथेची बैठक पंचांग बघून! पण त्याचं कारण साधं होतं. अष्टमीच्या सुमाराला समुद्राला भांग असतो. पाण्याची ओढ कमी, जाळ्यात काही भरत नाही, म्हणून होड्या किनाऱ्याला असतात आणि माणसं घरी. रविवार ठरवला असता तर सातपाटीचं निम्मं गाव समुद्रावर असतं. बोईसरच्या कारखान्यातल्या मुलांना पाळ्या, त्यांना रविवार आणि मंगळवार सारखेच. तेव्हा समुद्राला सोयीचा दिवस सगळ्यांनी घेतला.

सुरेंदरचं त्यावरून मोठं गमतीचं झालं. तो गोरखपूरकडचा, रसायनांच्या कारखान्यात कामाला. हरेश्वरांच्या हाताखाली काही काळ होता आणि त्यांच्यामागून बैठकीला येऊ लागला. दर अष्टमीला पाळी बदलून मागायचा. एकदा तो येऊन जरा अवघडूनच सांगू लागला, "साहब समझते हैं मैं देवी का व्रत रखता हूँ। अब कैंटीनवाला मेरे लिए साबूदाना अलग रखता है।" हरेश्वरांनी विचारलं, मग तू काय सांगितलंस? "क्या बोलता, सर। खा लेता हूँ।" त्यानंतर वर्षानुवर्षं तो अष्टमीला साबुदाणा खाऊन बैठकीला येत राहिला. मंडळात त्याचं हिंदी बोलणं सुरुवातीला पालघरच्या एका निवृत्त शिक्षकांना खटकलं होतं. मराठी मंडळात हिंदी कशाला, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. सुरेंदर तेव्हा गोष्टीचा शेवट सांगत होता, तो मध्येच गप्प झाला. हरेश्वर शिक्षकांना म्हणाले, "त्या बाईला यानातून बाहेर काढलंय त्याने. दार उघडंय. आता तिला तिथंच ठेवायचं का, सांगा." शिक्षकांनी हाताने खूण केली, बोल म्हणून. पुढे त्यांचंच सुरेंदरशी सगळ्यात जास्त जमलं.

बैठकीची रीत एकच. हरेश्वर गोष्ट मोठ्याने वाचायचे आणि ऐन ठिकाणी थांबायचे. चष्मा काढून पुस्तकात खूण म्हणून ठेवायचे आणि म्हणायचे, "बोला." मग प्रत्येकाने पुढे काय होईल ते सांगायचं. पुस्तकातला शेवट त्यानंतर. तोवर ताराबाईंचा चहा यायचा, भरपूर आलं घातलेला. ओटीवर वाद रंगायचे, आणि लेखकाचा शेवट बहुतेक वेळा आमच्यापुढे फिका पडायचा. हरेश्वरांच्या थांबण्याचं सगळ्यांना कौतुक होतं. कुठे थांबलं की माणसाचा जीव टांगणीला लागतो, हे त्यांना बरोबर कळतं, असं आम्ही म्हणायचो. मी एकदा त्यांना विचारलंही, हे आधी ठरवून येता का? ते नुसते हसले. "गोष्टच सांगते, माई."

एका अष्टमीला त्यांनी बैठकच रद्द केली. कारण काय, तर ताराबाई माकुणसारला माहेरी गेल्या होत्या, भावाच्या वाडीत केळी उतरवायची होती म्हणून. आम्ही त्यांची खूप चेष्टा केली. चहासाठी बैठक बंद? मी म्हटलं, चहा मी करते, आलंही घेऊन येते. तर म्हणाले, "नको माई, ते जमायचं नाही." मला थोडा रागच आला होता. माझा चहा इतका काही वाईट नसतो, तुम्ही प्यायला आहात.

आणि मग ते प्राध्यापक आले. मुंबईच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, विज्ञानकथाही लिहायचे. मंडळाचा पहिला बाहेरचा पाहुणा, म्हणून आम्ही छापील पत्रिका पाठवली होती. तिच्यावर हरेश्वरांनी तारीख घालू दिली नव्हती. 'वद्य अष्टमीस दुपारी' एवढंच. इथे कुणाला तारीख लागतच नव्हती. झालं असं, की अष्टमी दुपारी लागत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर संपत होती. आम्ही सूर्योदयाला असते ती तिथी धरून दुसऱ्या दिवशीची म्हणत होतो. प्राध्यापकांनी घरच्या कॅलेंडरात दुपारची अष्टमी पाहिली आणि ते आदल्या दिवशीच इस्त्रीच्या शर्टात सातपाटीला उतरले. ओटीवर सतरंजीसुद्धा नव्हती. हरेश्वर गंजीफ्रॉकवर बिघडलेला पंखा दुरुस्तीला खोलून बसले होते. त्यांनी मला पालघरहून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ते पाहुण्यांना घेऊन किनाऱ्याजवळच्या वाळवणात गेले होते. बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकत होते, आणि बायका टोपल्या घेऊन नवे बोंबील टांगत होत्या. श्रोते म्हणून तेवढ्याच होत्या.

भागीरथीमावशी त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या. त्या म्हणाल्या, "वाच रं हरेश्वरा, पावण्यांना उगा कशाला उभं केलंस. आमचे हात चालू हायेत, कान मोकळे हायेत." हरेश्वरांनी पाहुण्यांचीच एक गोष्ट वाचायला घेतली, दूरच्या ग्रहावरची. पण त्या दिवशी ते थांबलेच नाहीत. ऐन प्रसंग आला, गेला, आणि ते एका दमात शेवटापर्यंत वाचत गेले. मला वाटलं, पाहुण्यांपुढे बावरले. मावशी म्हणाल्या, "काय रं, कुत्रा लागलाय का पाठीला?" बायका हसल्या, प्राध्यापकही हसले. मग मावशींनी बोंबील टांगता टांगता विचारलं, "त्या गोष्टीतल्या गावाला दोन चंद्र हायेत म्हनता. मंग त्या लोकांनी होड्या काढायच्या कधी?" प्राध्यापक एका पालथ्या टोपलीवर बसले, शर्टाची पर्वा न करता, आणि वाळूत काडीने रेघा ओढू लागले. मावशी आणि ते संध्याकाळपर्यंत भांडत होते. दुसऱ्या दिवशी खऱ्या अष्टमीला ते पुन्हा आले, आणि या वेळी ओटीवर सगळ्यात पुढे वाळवणातल्या बायका बसल्या होत्या. त्यांनी ती जागा पुढे कधी सोडलीच नाही.

हरेश्वरांनी स्वतः लिहिलेली एकुलती एक गोष्ट मावशींच्या त्या प्रश्नातून आली. दोन चंद्रांचं गाव. दोन्ही चंद्र एकमेकांशी काटकोनात असतात तेव्हा भांग, होड्या किनाऱ्याला; ते सरकले की पाण्याला ओढ येते आणि होड्या निघतात. पण अनेक वर्षांतून एकदा दोन्ही सूर्यासह नेमके एका रेषेत येतात, तेव्हा पाणी किनारा सोडून लांब निघून जातं. त्या दिवशी एक म्हातारा तांडेल, होडीचा म्होरक्या, समुद्रावर असतो. ही गोष्ट त्यांनी मंडळात वाचली तेव्हा ते तांडेलाच्या होडीवर थांबले होते. तो सुकाणू फिरवतो की नाही, यावर आम्ही दोन चहा होईपर्यंत वाद घातला, आणि शेवट त्यांनी कधीच वाचून दाखवला नाही.

... असं सगळं चाललं होतं. आणि आता ते नव्हते. दिवसकार्य झाल्यावर आम्ही काही जण जमलो. कुणी म्हणालं, मंडळ मोबाइलवर चालवू, गोष्टी तिथे टाकू, ज्याला जमेल तेव्हा वाचेल. कुणी म्हणालं, हरेश्वरांसारखं वाचणारं कोण आहे? दोन्ही खरं होतं. सुरेंदर म्हणाला, "एक बार बैठ के देखते हैं। नहीं जमा तो नहीं जमा।" वाचायचं माझ्यावर आलं. मी ताराबाईंना निरोप दिला की अष्टमीला येतो आहोत, पण चहाची दगदग करू नका. 

ओटी भरली. बोईसरच्या कारखान्यातली मुलं आली, पालघरचे शिक्षक आले, मावशी काठी टेकत आल्या. हरेश्वरांची खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि तिच्यात कुणी बसलंही नव्हतं. मी बाजूला वेताच्या मोड्यावर बसले आणि त्यांची दोन चंद्रांची गोष्ट उघडली. ते थांबले होते ती जागा मला ठाऊक होती, तिथेच थांबायचं असं मी ठरवून आले होते. वाचू लागले. पण आवाज लागेना. मी वर्गातल्यासारखं वाचते आहे, हे मलाच ऐकू येत होतं. मागची मुलं चुळबुळू लागली. मला वाटलं, आज हे संपतंय. तांडेल निघाला, होडी दिसेनाशी झाली, गोष्ट किनाऱ्यावर त्याच्या बायकोकडे आली; मी ठरवलेली जागा अजून पुढे होती. 'पाणी मागे सरत होतं. ती ओल्या वाळूत उभी राहिली आणि तिने कपाळावर हात धरून लांब पाहिलं...'

आतून खलबत्त्याचा आवाज आला. आलं कुटल्याचा. ठक, ठक, सावकाश.

मी थांबले. ठरवून नाही, आपोआप.  मी चष्मा काढला, पानात ठेवला आणि म्हटलं, "बोला."

सगळ्यात आधी मावशी बोलल्या. "येतो तो. उशीर होईल, पर येतो. तिला तिथून हलवू नका." सुरेंदर म्हणाला, नहीं मौसी, वो नहीं आता, पर वो पानी के पीछे पीछे चलती है। शिक्षक म्हणाले, दोन्ही चुकीचं. आणि मग सगळे एकदम बोलू लागले. सातपाटीची भाषा, हिंदी, पालघरची मराठी, एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. मी मोड्यावर बसून ते ऐकत राहिले, आणि किती तरी दिवसांनी मला खरोखर बरं वाटलं.

सगळे गेल्यावर मी आत गेले. ताराबाई पेले विसळत होत्या. मी विचारलं, आज नेमकं तिथेच आलं कसं कुटायला घेतलंत? त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "नेहमी मीच घ्यायची की. मी कुटाय लागले की ते थांबायचे. मला आतून ऐकू यायचं ना सगळं. जिथं माजा हात थांबायचा चुलीवरचा, तिथं मी खल घ्यायची." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमाला म्हाईत नव्हतं? त्यांना वाटायचं, तुमाला म्हाईत हाय." मला माकुणसारची अष्टमी आठवली, आणि वाळवणातलं ते एका दमातलं वाचन. मी पेले पुसायला घेतले. आम्ही दोघीही मग हसलो, आणि हसता हसता ताराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतरची अष्टमीही झाली. मंडळ चालू आहे. माझं वाचन अजून वर्गातल्यासारखंच आहे, पण आता कुणी चुळबुळत नाही. तुम्ही लहान असताना मी फोनवर गोष्ट सांगताना मध्येच थांबायचे आणि तुम्ही चिडायचात, "आजी, पुढे काय?" म्हणून ओरडायचात. ती सवय मी हरेश्वर आजोबांकडून घेतली असं इतकी वर्षं मी समजत होते. आता तुम्ही याल तेव्हा अष्टमी बघून या. ओटीवर त्यांची खुर्ची आहे, तिच्यात आता गोष्टींचं पुस्तक ठेवतो. मी शेजारी मोड्यावर बसते, वाचते, आणि एक कान सतत स्वयंपाकघराकडे ठेवते.