जयंतीचं गाणं आणि 'एकमेव मालक'

आमच्या घरी खेळण्यांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. वडील प्रत्येक पत्रकाच्या तळाशी छापून घ्यायचे: वाचा, छापा, वाटा. मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. म्हणून पुढचा प्रकार माझ्या डोक्यात गेला तो अजून उतरलेला नाही.

कॉम्प्युटरवर मनोरंजन पार्क बांधायचा एक गेम आहे. त्यात मी आमच्या वालूर गावची जयंती उभी केली. निळ्या पताका, आकाशपाळणा, स्टेज. स्टेजवर मावशीच्या गायन मंडळाचं गाणं लावलं, माझ्याच मोबाईलवर घेतलेलं, आणि पार्क सगळ्यांसाठी खुलं केलं. मावशीनं गल्लीभर सांगितलं, "माझा आवाज परदेशात ऐकायलेत!"

आठवड्यात गेमच्या कंपनीनं पार्क काढून टाकलं. गाणं म्हणे दुसऱ्याच्या मालकीचं. हा दुसरा म्हणजे मागच्या जयंतीला आलेला रेकॉर्डिंगवाला. मावशीच्या हातचा चहा प्याला आणि गाणं इंटरनेटवर स्वतःच्या नावावर चढवून मोकळा झाला. त्याच गेममध्ये सिनेमावाल्यांचे पाळणे परवान्यासह विकायला आहेत. पैसे न देता त्यांना कुणी हात लावायचा नाही. आमचं गाणं मात्र कुणीही उचलावं, आणि चोर ठरावं आम्हीच!

तक्रार करायची तर एका चौकोनात खूण करायची होती: 'या गाण्याची मी एकमेव मालक आहे.'

"कर की मग," मावशी म्हणाली. "मालकीण मीच."

"मावशी, पहिली दोन कडवी पालमच्या बायांची हायत."

"त्याईची बी नावं टाक."

"एकच नाव बसतंय."

हे गाणं ज्या गावात जातं, तिथल्या बाया त्याला आपलं एक कडवं जोडतात. विहिरीचं कडवं मावशीचं. इतकी साधी रीत, पण ती सांगायला त्या कंपनीकडे जागाच नव्हती. खोटं लिहा, नाहीतर गप्प बसा.

"नगं करू," मावशी शेवटी म्हणाली. "पालमच्या बायाईला काय तोंड दाखवू?"

पार्क गेलं ते गेलंच.

यंदा तो रेकॉर्डिंगवाला पुन्हा आला. माईक लावला, मान डोलवत उभा राहिला. मावशीनं माईक काढून त्याच्याच हातात दिला.

"म्हणा, मालक. तुमचंच गाणं हाय न्हवं?"

तो हसला. मंडळातली एकही बाई हसली नाही. ढोलकीवालीनं ढोलकीवरून हात काढला. सगळ्याजणी त्याच्याकडे बघत बसल्या, तो माईक गुंडाळून निघेपर्यंत.