शिळं पाणी आणि तुळशीचं पान

कुमुद, बॅग ठेव खाली आणि आधी ऐक! तुझी यष्टी सकाळी आली असती ना, तर सगळं डोळ्यांनी पाहिलं असतंस. आज ऑपरेशनच्या खोलीत जे झालं, ते कोणाला सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही!

हे घे पाणी. अर्धा गिलास पाहून रागावू नको, त्याचाही किस्सा आहे. नागपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला होतो तेव्हा आपल्याला वाटायचं, दवाखान्यातले किस्से म्हणजे पेशंटचे. इथं पुसदच्या पलीकडं नोकरीला आली तर सगळे किस्से पाण्याचेच! उन्हाळ्यात विहीर भरत नाही, किस्से मात्र रोज साचून राहिले.

आजचं शेवटी सांगते. एकदम सांगितलं तर तुला कळायचं नाही.

*

आधी नळाचा ऐक. बायांच्या वार्डातला नळ टपटप गळायचा. फिटर पुसदहून येणार होता, म्हणजे कधी येणार ते त्यालाच ठाऊक. आमच्या मेट्रनबाईंचं कसं आहे, पाण्याचा एक थेंब वाया गेला की स्वतःचं रक्त गेल्यासारखं तोंड करतात. एक दिवस त्यांनी प्लास्टरची पट्टी घेतली आणि नळाला अशी गुंडाळली, की मोडलेला हातही इतका नीट बांधत नाहीत! वरून कापडाची झोळीसुद्धा अडकवली.

डॉक्टरसाहेब राउंडला आले. एकेक खाट करत नळापाशी थांबले. "हा पेशंट कधी भरती झाला?"

मेट्रनबाई हसल्या नाहीत की काही नाही. "काल, साहेब. स्राव थांबला आहे. पण अजून हात लावायचा नाही!"

*

मग साहेबांनाही जोर चढला. पेशंटच्या नातेवाइकांना पाण्याचं महत्त्व समजावून सांगायचं ठरलं. सगळ्यांना लिंबाखाली बसवलं, टळटळीत दुपारी! साहेब बोलतात चांगलं, पण थांबायचं कुठं ते त्यांना समजत नाही. मान्सून सांगितला, विहिरीचे झरे सांगितले, पार समुद्रापर्यंत जाऊन आले. ऐकणारे एकेक करून उठायचे, रांजणाकडं जायचे, पिऊन परत येऊन बसायचे. शेवटी रांजण उपडा!

भाषण संपल्यावर साहेबांनी विचारलं, "काय मेट्रन, काही फरक पडेल का?"

"पडेल ना साहेब. उद्या तुम्ही बोलला नाहीत, तर नक्की पडेल!"

*

आता तुझ्या अर्ध्या गिलासाचं. आपल्याकडं आल्या माणसाला गिलास काठोकाठ भरून द्यायचा, वरून "आणखी घ्या" म्हणायचं. अर्धा दिला म्हणजे जसं काही "निघा आता" म्हटलं! पण मेट्रनबाईंचा हुकूम: अर्धाच द्या, लागला तर पुन्हा अर्धा द्या. उष्टं उरलेलं फेकायला लागते ना.

आमचा शिपाई महादेव, त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पाहुन्याले अर्धा गिलास? माह्या सात पिढ्याईत कोणं देल्ला नाही!" आणि नेमके तपासणीला यवतमाळहून मोठे साहेब आले. महादेव मान खाली घालून ट्रे घेऊन गेला.

साहेबांनी गिलास उजेडात धरून पाहिला. "एवढंच?"

महादेवला काय सुचलं कोण जाणे! म्हणाला, "पिऊन तं पाहा साहेब. आवडलं तं आनखी आनतो!"

मोठे साहेब हसले खरे, पण जाताना बजावून गेले: "टाकीत पाणी असेल तरच इथं ऑपरेशन करा. कोरडी पडली, तर अडलेल्या बाया सरळ यवतमाळला पाठवायच्या." आमची हसणारी तोंडं एकदम बंद! कारण तेव्हा तीन नंबरच्या खाटेवर शेवंता होती.

*

शेवंता महागावकडची. पोटातलं पोर आडवं. आधीची दोन गेली, दोन्ही वेळा दवाखान्यात येता येता, बैलगाडीतच. म्हणून या खेपेला तिची सासू अंजनाबाई तिला दिवस भरायच्या आधीच घेऊन आली आणि खाटेशेजारी सतरंजी टाकून बसली. "यवतमाळले गिवतमाळले मी नाही नेत. माह्यी सून आता वाटंवर बाळंत नाही होत. इथंच होईन!"

आता गंमत पाहा. ज्या बाईला या पाण्याची सगळ्यात जास्त गरज, तीच पाण्याची सगळ्यात मोठी वैरी! रोज पहाटे उठायची आणि वार्डातले सगळे माठ, सगळ्या घागरी बाहेर नेऊन ओतायची. रात्रीचं पाणी शिळं ना! मग ताजं भरायचं. स्वतःच्या सुनेचंच नाही हं, सगळ्या बायांचं करायची. बाया तिला दुवा द्यायच्या आणि मेट्रनबाई कपाळ धरायच्या.

शेवटी एकदा दोघींची जुंपली.

"अंजनाबाई, असंच ओतत राहिलात तर टाकी संपेल. मग तुमच्याच सुनेचं ऑपरेशन कसं करायचं?"

"म्हून का शिळं पाजू तिले?"

"अहो, पण विहिरीतलं पाणी काय आज सकाळी जन्माला आलं का?"

अंजनाबाईनं पदर खोचला. "विहिरीत हाय तवरोक ते मायच्या पोटात हाय, बाई. भाईर आलं का मंग त्याचं वय सुरू होते!"

कुमुद, आपल्या मेट्रनबाई, ज्यांच्यापुढं डॉक्टरसाहेबांचीही जीभ वळत नाही, त्या आल्या पावली परत फिरल्या!

*

मग मला आठवलं. आमच्या घरी ग्रहण लागलं की भरलेलं पाणी ओतून देतात. पण आई आधीच हंड्यात तुळशीचं पान टाकून ठेवते, मग ते चालते. दवाखान्याच्या दारात तुळस आहेच. संध्याकाळी मी हात धुऊन वार्डातल्या प्रत्येक माठात एकेक पान टाकलं.

पहाटे अंजनाबाईनं झाकण काढलं. "हे कोणं टाकलं?"

"मी."

माझ्याकडं खालून वर पाहिलं. मी म्हटलं, आता माझीच घागर उपडी होते! तर तिनं झाकण परत ठेवलं. "शहरातली असून अक्कल हाय वं तुले!"

त्या दिवसापासून एक थेंब ओतला नाही तिनं. मेट्रनबाईंनी मला स्वतःच्या हातानं चहा दिला. पूर्ण कप!

*

आणि आता आजचं.

सकाळी शेवंताला कळा सुरू झाल्या. तिला टेबलावर घेतलं. डॉक्टरसाहेबांनी कोपरापर्यंत साबण लावला, हात नळाखाली धरले आणि नळ फुस्स! विहिरीवरचं इंजन पहाटेच बंद पडलं होतं. महादेव टाकीवरून ओरडला, "साहेब, बोंब हाय!"

साहेब साबणाचे हात वर करून उभे. शेवंता कण्हून राहिली. मेट्रनबाई मात्र शांत. "घाबरायचं काम नाही. काल संध्याकाळी उकळून झाकून ठेवलेलं पाणी आहे. सिस्टर, झाकण काढा."

मी ऐटीत झाकण काढलं. अव माय! आत तुळस! एक पान नाही, दोन नाही, मूठभर, मंजिऱ्यांसकट!

दाराच्या फटीतून आवाज आला. "मीच टाकली, बाई! तुमी इसरल्या होत्या. भांडं मोठं होतं, म्हून जास्त टाकली!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मेट्रनबाईंनी माझ्याकडं पाहिलं. टेबलावरून शेवंता म्हणाली, "आता काय पाहून राह्यले एकमेकांकडं? करा ना लौकर!"

मेट्रनबाईंनी पाणी गाळून घेतलं, दोन्ही स्टो पेटवले आणि पुन्हा उकळायला ठेवलं. मी पंप मारू मारू स्टो भडकवला. साहेबांच्या हातावर साबण वाळून पांढरा झाला, हात तसेच वर, जसे काही सगळ्यांना आशीर्वाद देऊन राहिले! बाहेरून अंजनाबाई: "तुळस काढू नका वं! शिळं होईन!"

त्या कढत पाण्यात साहेबांनी हात धुतले, लालबुंद झाले, पण हूं नाही की चूं नाही. पाणी पुरलं. अगदी पुरतं पुरलं. आणि मग पोरगी अशी रडली, अशी रडली, की बाहेर लिंबाखालची माणसं उठून उभी राहिली! शेवंता ठीक आहे. नाव काय ठेवलं, विचार! तुळसा!

पण खरी गंमत पुढंच आहे. आत्ता, तू यायच्या थोडं आधी, अंजनाबाई गूळ वाटत वाटत माझ्यापाशी आली. माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "बाई, खरं सांग. तुळशीनंच पानी टिकलं ना? तिच्यानंच माह्यी नात आली ना?"

वार्डातल्या सगळ्या बाया कान देऊन. एकीचा तर हात माठाच्या झाकणावरच! माझ्या मागं मेट्रनबाई, हातात स्टो. "हो" म्हटलं, तर उद्यापासून ऑपरेशनच्या प्रत्येक भांड्यात तुळशीचं वन उगवणार. "नाही" म्हटलं, तर उद्या पहाटे सगळे माठ उपडे. इंजन अजून बंद आहे, आणि पाच नंबरच्या खाटेवर दुसरी अडलेली बाई आजच आली आहे.

मी म्हटलं, "माझी मैत्रीण येऊन राहिली, पाच मिनिटांत येते!" आणि इकडं पळून आली. अंजनाबाई तिकडं वार्डाच्या दारातच उभी आहे, गुळाची वाटी घेऊन. कुमुद, गिलास ठेव आणि लवकर सांग, तू असतीस तर काय सांगितलं असतंस?