चाळीस मिनिटांची कॉफी

बसलिंगाप्पा शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होते. मी एम.ए. होऊन घरी बसलो होतो, तरी ते मला मित्र मानायचे. मी त्यांना अप्पा म्हणायचो.

रोज सकाळी त्यांची बायको शांतव्वा पितळी फिल्टरमध्ये कॉफीची पूड घालून वरून उकळतं पाणी ओतायची. अप्पा तो फिल्टर पिशवीत घालून सायकलच्या हँडलला अडकवायचे. शिवाजी पेठेतून फौंड्री चाळीस मिनिटांवर. तेवढ्यात कॉफी थेंब थेंब खालच्या भांड्यात उतरायची. गेटवरच्या टपरीतलं गरम दूध तिच्यात घातलं, की अप्पांची सकाळ व्हायची.

२००१ साली मुलगा वीरेश नोकरीला लागला. त्यानं अप्पांना मोपेड घेऊन दिली. आठवड्यातच अप्पा सायकल घेऊन आमच्या दारात.

"गाडी पंधरा मिनटांत पोचती. कॉफी वरच असती की! उद्यापासनं गाडी हितं लावतो, सायकल नेतो. सायकल तुला दिली म्हणून घरी सांगितलंय. वीरेशला बोलू नगंस. पोरगं हिरमुसंल."

दोन महिने मी गप्प राहिलो. एका सकाळी लवकर दार उघडलं, तर वीरेश सायकलच्या चेनला तेल घालत होता.

"दोन महिनं झालं, गाडीतलं एक लिटर पेट्रोल संपंना," तो हसला. "कळतंय की मला. अप्पांस्नी सांगू नगंस. लाजतील."

तासाभरानं अप्पा आले. सायकलवर बसून कोपऱ्यापर्यंत गेले आणि थांबले.

"हलकी चालतीया रं आज. तेल घातलंस व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.